जुन्या संगणकाचा जीर्णोद्धार

आपल्या कुटुंबांतून कोणतीहि वस्तु केवळ जुनी झाली म्हणून टाकून देण्याची चाल पूर्वीं नव्हती. पितळेच्या भांड्यांस कल्हई होत असे, जुन्या लुगड्यांची गोधडी होत असे; वर्ष संपतांच बाद होई तें एक पंचांग. अलीकडे घरोघरीं आलेल्या संगणकाच्या कपाळीं मात्र या पंचांगाचेंच नशीब लिहिलेलें दिसतें. दहाबारा वर्षांपूर्वीं मुलांच्या शिक्षणासाठीं हौसेनें घेतलेलें यंत्र, मुलें शिकून नोकरीच्या गांवीं अथवा परदेशीं गेलीं म्हणजे, वडील मंडळींच्या वाट्यास येतें. त्यावर पत्रें लिहावीं, नातवंडांचीं छायाचित्रें पाहावीं, घरचा हिशेब ठेवावा, इतकीच त्यांची अपेक्षा असते. परंतु कळ दाबल्यापासून यंत्र कामास येईपर्यंत चहा होऊन तो पिऊनहि होतो, आणि पुढेंहि प्रत्येक आज्ञेस तें विचार करून करून उत्तर देतें. दुकानांत विचारावें तर, "आजोबा, हा आतां गेला, नवीनच घ्या," हें उत्तर ठरलेलें.

हें उत्तर पुष्कळ वेळां चुकीचें असतें, हें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे. अशा यंत्राचा बहुधा एकच अवयव मागें पडलेला असतो, आणि तो नव्या यंत्राच्या किंमतीच्या लहानशा अंशांत बदलतां येतो. मात्र तो बदलण्यापूर्वीं एक काम अवश्य करावें लागतें, आणि तें न केल्यास होणारी हानि कितीहि द्रव्य वेंचलें तरी भरून येत नाहीं. त्याचाहि विचार ओघानें येईल.

दोष कोणाचा?

संगणकाच्या पेटींत मुख्यतः तीन कामकरी असतात. त्यांचें परस्परांशीं नातें समजण्यासाठीं मुंजीच्या वा लग्नाच्या पंक्तीचा स्वयंपाक डोळ्यांपुढें आणावा. आचारी म्हणजे प्रोसेसर. चिरणें, परतणें, ढवळणें हीं सारीं कामें त्याचीं. त्याच्या हाताशीं असलेला ओटा, ज्यावर चालू कामाचे जिन्नस मांडून ठेवलेले असतात, ती रॅम. आणि मागील कोठीची खोली, जेथें धान्याचीं पोतीं, गुळाच्या ढेपा व तेलाचे डबे भरून ठेवलेले असतात, ती हार्ड डिस्क. ओट्यावरचें सारें रात्रीं आवरून टाकतात. त्याचप्रमाणें वीज बंद होतांच रॅममधील सर्व पुसलें जातें. कोठींतील सांठा तेवढा टिकतो. आतां आचारी कितीहि चपळ असला, तरी कोठींतून जिन्नस आणणारा गडी जर पाय ओढीत चालत असेल, तर आचारी हात बांधून उभा राहतो आणि पंक्ति खोळंबते. पाहणाऱ्यास वाटतें, आचारीच म्हातारा झाला.

उदाहरणादाखल एक विशिष्ट यंत्र घेऊं. २०११ पासून पुढील दोनतीन वर्षांत आपल्याकडे सुटे भाग जोडून जे संगणक विकले गेले, त्यांपैकीं पुष्कळांत इंटेलच्या एच६१ जातीचा मदरबोर्ड, कोअर आय३-२१२० यासारखा प्रोसेसर, २ किंवा ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क असे. या प्रोसेसरांत ३.३ गिगाहर्ट्झ गतीचे दोन गाभे आहेत; म्हणजे प्रत्येक गाभ्याचें घड्याळ सेकंदास ३३० कोटी ठोके देतें. पत्रलेखन, हिशेब, वर्तमानपत्र वाचणें व घरच्यांशीं बोलणें यांस एवढें सामर्थ्य आजहि पुरतें. वय झालें म्हणून हे ठोके मंदावत नाहींत. २०१२ सालीं तो ज्या वेगानें बेरीज करी, त्याच वेगानें आजहि करतो. बदललें आहे तें त्याच्या पुढ्यांतील काम. नवे प्रोग्रॅम मोठे झाले, त्यांचे हजारों तुकडे कोठींतून पुनःपुन्हां आणावे लागतात, आणि आणणारा गडी मात्र तोच राहिला.

याची परीक्षा वाचकांस घरच्या घरीं करतां येईल. विंडोजचें यंत्र रेंगाळूं लागलें म्हणजे कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या. टास्क मॅनेजर नांवाची चौकट उघडते. तींत प्रोसेसरचा आंकडा दहावीस टक्क्यांवर आणि डिस्कचा आंकडा शंभराच्या घरांत अडकलेला दिसला, तर आचारी मोकळा आहे आणि कोठीचा गडी दमला आहे असें निश्चित समजावें. रॅमचा आंकडाहि नव्वदाच्या वर असेल, तर ओटाहि अपुरा आहे. अशा वेळीं ओट्यावर न मावणारे जिन्नस यंत्र तात्पुरतें कोठींत नेऊन ठेवतें आणि लागतील तसें परत आणतें. म्हणजे थकलेल्या गड्यास दुप्पट खेपा.

फिरत्या तबकडीचें गणित

हार्ड डिस्क ही रचनेनें ग्रामोफोनची दूरची बहीण म्हणावी. १९५६ सालीं आय.बी.एम. कंपनीनें रॅमॅक नांवाच्या यंत्राबरोबर पहिली अशी डिस्क बाजारांत आणली. तींत दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एका आंसावर फिरत, आणि एवढ्या संभारांत सुमारें ५० लाख अक्षरें मावत. आजची डिस्क तळहातावर मावते व तिची सांठवण लाखों पटींनीं अधिक आहे; परंतु कल्पना तीच. चुंबकीय लेप दिलेली तबकडी गरगर फिरते, आणि एक बारीक भुजा आंतबाहेर सरकून हव्या त्या वर्तुळावर येऊन थांबते. ग्रामोफोनची सुई तबकडीस टेकते. येथें भुजेचें टोंक तबकडीस न टेकतां, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनहि कमी अंतरावर तरंगत असतें. चालू यंत्रास धक्का देऊं नये असें सांगतात तें याचसाठीं.

आतां थोडें त्रैराशिक करूं. घरगुती डिस्क मिनिटास ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदास १२०. एका फेऱ्यास सेकंदाचा १२० वा भाग, म्हणजे सुमारें ८.३ सहस्रांश सेकंद लागतात. हवें असलेलें अक्षर भुजेखालीं येण्यास सरासरीनें अर्धा फेरा वाट पाहावी लागते. ते झाले ४ सहस्रांश. त्यापूर्वीं भुजा योग्य वर्तुळावर येण्यास आणखी ८-९ सहस्रांश. एकूण १२-१३ सहस्रांश सेकंद. हा काळ ऐकण्यास क्षुल्लक वाटतो. परंतु याचा अर्थ असा कीं, विखुरलेल्या जागांवरून वस्तु आणावयाच्या असल्यास हा गडी सेकंदास सुमारें ८० खेपांहून अधिक करूं शकत नाहीं. यंत्र सुरू होतांना असे १०,००० बारीक तुकडे ठिकठिकाणांहून आणावयाचे असले, तर नुसत्या जाण्यायेण्यांत दोन मिनिटें गेलीं. प्रत्यक्षांत यंत्र कांहीं युक्त्या योजून यांतील थोडा वेळ वांचवतें. तरी मंदपणाचें मूळ या हिशेबांत आहे.

हा दोष अधिक जोरानें फिरवून जाण्यासारखा नाहीं. मोठमोठ्या कचेऱ्यांकरितां मिनिटास १५,००० फेऱ्यांच्या डिस्का निघाल्या, तरी त्यांत अर्ध्या फेऱ्याची वाट ४ सहस्रांशांवरून २ वर आली, इतकेंच. वस्तूला वजन आहे तोंवर तिला हलविण्यास वेळ लागणारच.

न फिरणारा सांठा

यावर उपाय निघाला तो, हलणारें कांहींच न ठेवण्याचा. जपानांत तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका या अभियंत्यानें १९८४ सालीं फ्लॅश नांवाच्या स्मृतीची कल्पना विद्वत्परिषदेपुढें मांडली, आणि १९८७ सालीं तिचा नँड हा प्रकार पुढें आला. आजच्या पेन ड्राइव्हमध्यें, मोबाइलमध्यें आणि आपल्या प्रस्तुत विषयांत जो सांठा असतो, तो याच जातीचा. यांत सिलिकनच्या चकतीवर अतिसूक्ष्म कप्पे असतात, आणि प्रत्येक कप्पा वीजरोधक थरानें वेढलेला असतो. विजेच्या दाबानें त्यांत विद्युत्कण कोंडतां येतात. एकदां कोंडले म्हणजे वीज गेली तरी ते दीर्घकाळ आंतच राहतात. आणि कप्पा भरलेला कीं रिता, किंवा किती भरलेला, यावरून लिहिलेलें वाचतां येतें. या स्मृतीच्या अनेक चकत्या एकत्र बसवून जें साधन झालें, तें सॉलिड स्टेट ड्राइव्ह. लोक तिला आद्याक्षरांनीं एसएसडी म्हणतात. तेंच नांव आम्हीहि चालवूं.

१९९१ सालीं, पुढें सॅनडिस्क या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या कंपनीनें अवघ्या २० एमबीची एसएसडी विकली, तेव्हां तिची किंमत सुमारें १,००० डॉलर होती. वीस एमबी म्हणजे आजच्या मोबाइलनें काढलेलीं चारपांच छायाचित्रें. आज २५० वा ५०० जीबीची एसएसडी मध्यम स्थितीच्या कुटुंबास परवडते, यावरून या विद्येची वाढ कळून येईल.

या साधनांत भुजा नाहीं, फेरा नाहीं, म्हणून वाटहि पाहावी लागत नाहीं. कोणताहि तुकडा आणण्यास तिला सहस्रांश सेकंदाचा दहावा भाग, किंवा त्याहूनहि कमी, काळ पुरतो. वरील १०,००० खेपांचें गणित पुन्हां मांडलें तर दोन मिनिटांच्या जागीं एक सेकंद येतो! प्रोसेसरला स्वतःचें काम करण्यास वेळ लागतोच, म्हणून यंत्र एका सेकंदांत सुरू होईल असें कोणी समजूं नये. परंतु जेथें तीनचार मिनिटें जात, तेथें अर्ध्या मिनिटाच्या आसपास काम होतें, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे.

येथें एक शंका जाणकार घेतात. आपण उदाहरणास घेतलेल्या एच६१ मदरबोर्डाचा साटा मार्ग दुसऱ्या पिढीचा आहे. त्यावरून सेकंदास जास्तींत जास्त ३०० एमबी जाऊं शकतात, आणि एसएसडीच्या वेष्टनावर तर ५५० चा आंकडा असतो. मग अर्धी शक्ति फुकट नाहीं कां जाणार? जाईल, पण ती सलग मोठी फाईल एका दमांत वाहून नेण्याची शक्ति होय. घरगुती कामांत प्रसंग येतो तो बारीकसारीक तुकडे वेंचण्याचा, आणि तेथें मार्गाच्या रुंदीपेक्षां गड्याच्या चपळाईस महत्त्व आहे. शिवाय जुनी तबकडी सलग वाहून नेण्यांतहि सेकंदास शंभरदीडशें एमबींच्या पुढें फारशी जात नसे. सबब मार्ग अरुंद आहे म्हणून उपाय सोडण्याचें कारण नाहीं.

पात्रापात्रविचार

प्रत्येक जुनें यंत्र उद्धारास पात्र असतें असें नव्हे. पेटीची बाजू उघडून पाहावी. डिस्कपासून मदरबोर्डाकडे जाणारी तार जर चारपांच बोटें रुंद व चपटी पट्टी असेल, तर तें यंत्र फार जुन्या पद्धतीचें आहे. त्यावर खर्च करूं नये. तार जर बोटभर रुंदीची असून तिच्या टोंकाच्या खांचेचा आकार काटकोनी असेल, तर तो साटा मार्ग होय, आणि यंत्र पात्र आहे. मदरबोर्डावरील कंडेन्सरांचीं डोकीं फुगलेलीं असल्यास, अथवा यंत्र मधूनच आपोआप बंद पडत असल्यास, आधीं त्या दुखण्याचें निदान करवावें.

एसएसडी घेतांना तिच्या आकारांविषयीं घोटाळा होतो. जुन्या डेस्कटॉपला अडीच इंची, साटा जातीची घ्यावी. एम-डॉट-टू नांवाची लांबट पट्टी स्वस्त दिसली तरी ती बसविण्याची खांच या वयाच्या मदरबोर्डावर नसते. अडॉप्टर लावून एनव्हीएमई जातीची पट्टी बसविली, तरी तीवरून यंत्र सुरू करण्याची विद्या जुन्या बायोसला बहुधा येत नाहीं.

एखाद्याच्या घरीं पडदा फुटून निकामी झालेला लॅपटॉप असतो, आणि त्यांत चांगली अडीच इंची साटा एसएसडी धूळ खात असते. तीच काढून डेस्कटॉपला लावतां येते. एकाचे घोडे मेले, दुसऱ्याचा रथ जळला, आणि उरलेले घोडे व उरलेला रथ जोडून दोघेहि मुक्कामास पोंचले, असा जो नष्टाश्वदग्धरथन्याय शास्त्रकार सांगतात, त्याचें याहून चोख उदाहरण सांपडणें कठीण.

विकत घेतांना नांवाजलेल्या कंपनीची, पावतीसह व हमीसह घ्यावी. अविश्वसनीय स्वस्त दरांत प्रचंड सांठवणीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तु पुष्कळदां बनावट असतात. वर आंकडा मोठा दाखवितात, आंत सांठवण थोडी असते, आणि ती भरली कीं पुढें लिहिलेलें नाहींसें होतें. जवळ ४ जीबीच रॅम असेल, तर त्याच वेळीं ती ८ जीबी करावी. एच६१ मदरबोर्डावर १६ जीबीपर्यंत डीडीआर-३ रॅम चालते.

आधीं देवता कलशांत

जीर्ण देवालयाचा उद्धार करावयाचा झाला म्हणजे शास्त्राची रीति अशी कीं, प्रथम मूर्तींतील देवत्व कलशांत आवाहन करून सुरक्षित स्थळीं ठेवावें, मग टांकी चालवावी. संगणकाच्या जीर्णोद्धारांतहि क्रम हाच पाहिजे. घरच्या संगणकांतील देवता म्हणजे त्याचा पत्रा नव्हे कीं तारा नव्हेत. लग्नामुंजींचीं छायाचित्रें, वडिलांनीं जमविलेली वंशावळ, गेलेल्या माणसांचे आवाज, ही ती देवता.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत घडलेली हकीगत सांगतों. चिरंजिवांनीं संगणक दुकानांत नेऊन एसएसडी बसवून घेतली. यंत्र चपळ झालें, सर्वांस आनंद झाला. जुनी डिस्क दुकानदारानें बदल्यांत घेऊन बिलांतून कांहीं रक्कम वळती केली, त्याचेंहि कोणास कांहीं वाटलें नाहीं. महिन्याभरानें आईचें वर्षश्राद्ध आलें, आणि तिच्या तोंडच्या जात्यावरच्या ओंव्या, ज्या तिनें मृत्यूपूर्वीं दोन वर्षें नातीच्या आग्रहावरून म्हटल्या होत्या, त्या ऐकाव्या असें ठरलें. नव्या सांठ्यांत त्या नव्हत्या. "माझे कागदपत्र" म्हणून जी पेटी नव्या सांठ्यांत नकलली गेली, तिच्या बाहेर दुसऱ्या विभागांत नातीनें त्या ठेविल्या होत्या. धांवत दुकानीं गेले, तों डिस्क पुसून विकलेली. दुकानदारानें फसविलें असें म्हणतां येणार नाहीं. त्यानें विचारलें नाहीं, आणि यांनीं सांगितलें नाहीं. ओंव्या मात्र गेल्या त्या गेल्या. ज्या मुलीनें त्या म्हणविल्या होत्या, ती अजून त्या विषयावर बोलत नाहीं.

म्हणून पहिला नियम असा कीं, पेटीस स्क्रूड्रायव्हर लावण्यापूर्वीं सर्व विभागांतील सर्व फायलींची एक प्रत बाहेरील डिस्कवर करावी, आणि त्यांतील चारदोन फायली प्रत्यक्ष उघडून पाहाव्या. दुसरा नियम, जुनी डिस्क घराबाहेर जाऊं देऊं नये. तिसरा नियम मराठी लिहिणारांसाठीं विशेष आहे. युनिकोडची पद्धति रूढ होण्यापूर्वीं श्रीलिपि, शिवाजी, कृतिदेव इत्यादि टंकांत जें टंकलेखन झालें, तें त्या त्या टंकावांचून वाचतां येत नाहीं; अक्षरांच्या जागीं रोमन चिन्हांचा काला दिसतो. तेव्हां लेखांबरोबर जुन्या यंत्रांतील फाँट्सचें दप्तरहि नकलून ठेवावें.

जुनी डिस्क कुरकुर अथवा टकटक आवाज करीत असेल, तर ती शेवटच्या पंथास लागली आहे असें समजून तींतील अत्यंत मोलाच्या वस्तु प्रथम काढाव्या. तेंहि जमेनासें झालें तर तीवर पुनःपुन्हां प्रयोग न करतां माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे द्यावी. क्रिस्टलडिस्कइन्फो नांवाचा एक विनामूल्य प्रोग्रॅम डिस्कची नाडी पाहून प्रकृति बरी, सावध कीं वाईट हें सांगतो. त्याचा उपयोग आधींच करावा.

प्रत्यक्ष कृति

पुढील काम दोन रीतींनीं होतें. जुन्या डिस्कची जशीच्या तशी छबी एसएसडीवर उतरविणें ही पहिली. तैवानमधील राष्ट्रीय संगणन केंद्रानें सिद्ध केलेला क्लोनझिला हा विनामूल्य प्रोग्रॅम हें काम करतो. परंतु नवा सांठा जुन्याइतका किंवा त्याहून मोठा असावा लागतो. येथें ठेंच लागते ती अशी कीं, जुनी डिस्क ५०० जीबीची आणि बाजारांतील एसएसडी ४८० जीबीची असते. वीस जीबींनीं काम अडतें. दुसरी रीति म्हणजे एसएसडीवर नवी कोरी प्रणाली घालणें. जुन्या यंत्रांत वर्षानुवर्षांचा केरकचरा सांचलेला असतो, म्हणून आमचा कल या दुसऱ्या रीतीकडे आहे.

प्रणाली कोणती घालावी, हाहि प्रश्न आहे. मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० ची नेहमींची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. घरगुती ग्राहकांस नांवनोंदणीवर आणखी एक वर्षाची सुरक्षा-मुदत दिली. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा वा त्यापुढील प्रोसेसर व टीपीएम २.० नांवाची सुरक्षा-व्यवस्था लागते; आपलें उदाहरणाचें यंत्र दुसऱ्या पिढीचें, म्हणून तो मार्ग राजरोस खुला नाहीं. ज्या प्रणालीची देखभाल थांबली, तीवर बँकेचे व्यवहार करणें म्हणजे कडी मोडलेल्या दारांत तिजोरी ठेवणें होय. अशा यंत्रास लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली उत्तम मानवते. तींत मराठी लिहितां येतें, लिबरऑफिसमध्यें पत्रें व हिशेब होतात, आणि ब्राउझर तर असतोच. मुलांपैकीं कोणी एक रविवार दिला तर सर्व बसवून होतें.

हातचें काम सोपें आहे. यंत्र बंद करून विजेची तार भिंतींतून काढावी, आणि चालू करण्याची कळ एकदोन वेळां दाबून उरलीसुरली वीज जाऊं द्यावी. पेटीच्या बाजूचे दोन स्क्रू काढून पत्रा सरकवावा. आंत हात घालण्यापूर्वीं पेटीच्या उघड्या धातूस स्पर्श करावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. एसएसडी अडीच इंची व जागा साडेतीन इंची असते, म्हणून मधें एक पट्टीची चौकट लागते. ती दुकानांत मिळते. आंत हलणारें कांहीं नसल्यामुळें उभी, आडवी कशीहि बसविली तरी चालते. एक तार माहितीची, एक विजेची. दोहोंच्या खांचा एकाच बाजूनें बसतात, जोर करावा लागत नाहीं. प्रणाली घालीत असतां जुन्या डिस्कची तार काढून ठेवावी. नाहींतर सुरुवातीचा एखादा भाग चुकून तीवरच जाऊन बसतो, आणि पुढें ती काढली कीं यंत्र सुरूच होत नाहीं. तसेंच प्रणाली घालण्यापूर्वींच बायोसमध्यें साटाची रीति एएचसीआय आहे कीं नाहीं हें पाहून घ्यावें.

आयुष्य आणि पथ्य

एसएसडी लिहून लिहून झिजते, अशी भीति पुष्कळांस असते, आणि ती निराधार नाहीं. शाळेच्या पाटीवरील एक अक्षर ओल्या बोटानें पुसतां येतें. फ्लॅश स्मृतींत तसें होत नाहीं. तेथें एका ठोकळ्यांतील सारे कप्पे एकदम पुसावे लागतात, आणि प्रत्येक पुसण्यासरशी वीजरोधक थर किंचित् अशक्त होतो. परंतु एसएसडीमधील नियंत्रक हें लेखन सर्व कप्प्यांवर सारखें वाटून देतो. सॅमसंगनें २०२१ सालीं काढलेल्या ८७० ईव्हीओ मालिकेंतील ५०० जीबीच्या एसएसडीची हमी ५ वर्षें किंवा ३०० टेराबाइट लेखन, जें आधीं होईल तें, अशी आहे. घरगुती यंत्रावर रोज २० जीबी लिहिले जातात असें धरलें, आणि हें मान उदारच आहे, तरी वर्षास ७.३ टेराबाइट होतात. त्या हिशेबानें ३०० टेराबाइटांस चाळीस वर्षें पुरतील. तोंवर यंत्राचे बाकीचे भाग राहणार नाहींत. हार्ड डिस्कसाठीं पूर्वीं करीत तें डीफ्रॅगमेंटेशन मात्र करूं नये. त्याचा लाभ कांहीं नाहीं, झीज तेवढी होते.

दोन पथ्यें खरोखर पाळण्यासारखीं आहेत. एक असें कीं, चुकून पुसलेली फाईल जुन्या डिस्कवरून पुष्कळदां परत मिळे. एसएसडीवर ट्रिम नांवाच्या व्यवस्थेमुळें पुसलेल्या जागा लौकरच खरोखर रित्या होतात, आणि मग ती आशा सोडावी. शिवाय हार्ड डिस्क मरण्यापूर्वीं पुष्कळदां कण्हते, एसएसडी कित्येकदां कांहींच न बोलतां जाते. दुसरें असें कीं, कोंडलेले विद्युत्कण अगदीं मंदगतीनें गळत असतात. यास्तव एसएसडी भरून वर्षानुवर्षें कपाटांत ठेवून देणें योग्य नव्हे. ती रोजच्या वापराची कोठी आहे, पुरून ठेवण्याचा हंडा नव्हे. मोलाच्या वस्तूंच्या निदान दोन प्रती वेगवेगळ्या साधनांवर असाव्या, आणि त्यांपैकीं एक दुसऱ्या घरीं, मुलाकडे वा मुलीकडे, असल्यास उत्तमच.

या दुसऱ्या प्रतीसाठीं जुनी डिस्कच, तिची प्रकृति बरी असल्यास, कामास येते. बाहेरील आवरणांत ती बसवून यूएसबीनें जोडतां येते. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, म्हणून स्वतःचा अडॉप्टर असलेलें आवरण घ्यावें. दर सणावारीं एकदां जोडून नवी प्रत करून ठेवावी.

शेवटीं, हा विचार केवळ एका घरच्या पैशाचा नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं जगांत ६ कोटी २० लाख टन विद्युत्-कचरा निघाला, आणि त्यापैकीं २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनरुपयोगास लागला. आपल्या देशांत याविषयींचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आले आहेत; त्यानुसार निकामी यंत्रें भंगारवाल्यास न देतां नोंदणी झालेल्या केंद्राकडे द्यावयाचीं असतात. परंतु जें यंत्र एका लहानशा भागानें आणखी चारपांच वर्षें चालण्यासारखें आहे, तें त्या केंद्राकडेहि आजच कशाला न्यावें?

सारांश, घरच्या संगणकाचा कंटाळा आला असेल, तर दुकानाची वाट धरण्यापूर्वीं वाचकांनीं एवढें करावें. टास्क मॅनेजर उघडून दोष कोणाचा तें पाहावें. पेटी उघडून तार कोणती तें पाहावें. आणि या दोहोंच्याहि आधीं, आज सायंकाळींच, घरांतील छायाचित्रांची व आवाजांची एक प्रत बाहेरील डिस्कवर करून ठेवावी. एसएसडी पुढील महिन्यांत आणली तरी चालेल.